ईसीएचएस : इलाज पक्का, पण कागद आजारपणाच्या आधी तयार हवेत

फौजेतून निवृत्त होताना हवालदाराने ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेसाठी ३०,००० रुपये भरले की त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या उपचारांची जबाबदारी आयुष्यभरासाठी सरकारची. नायब सुभेदार ते सुभेदार मेजर आणि मानद लेफ्टनंट-कॅप्टन यांना ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. नौदल आणि हवाई दलातल्या समकक्ष हुद्द्यांनाही हेच दर आहेत आणि ते २०१७ च्या डिसेंबरअखेरपासून लागू आहेत. वर्गणी एकदाच भरायची. पुढे हप्ता नाही, नूतनीकरण नाही, वयाची अट नाही. आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब आडवा येत नाही आणि वर्षाला अमुक लाखांपर्यंतच खर्च देऊ अशी मर्यादाही नाही. सत्तरीतल्या, एकदा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला एवढ्या पैशात असं संरक्षण देणारी मेडिक्लेम पॉलिसी बाजारात शोधूनही सापडणार नाही.

तरीही पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्याच्या, बाकावर दहा मिनिटं बसलं की तक्रारीच जास्त कानावर पडतात. त्या बहुतेक डॉक्टरांबद्दल किंवा शस्त्रक्रियेबद्दल नसतात. कार्ड बंद पडलं, रेफरलची, म्हणजे पुढच्या हॉस्पिटलला पाठवणाऱ्या चिठ्ठीची, मुदत संपली, हॉस्पिटलने आगाऊ पैसे मागितले, क्लेममधून अर्धी रक्कम कापली, अशा असतात. म्हणजे योजना अडते ती कागदापाशी. म्हणून या परीक्षणात कागदांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली ती चालते. मुख्यालय दिल्ली छावणीत, त्याखाली रिजनल सेंटर आणि त्यांच्याखाली देशभरातली चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि नागपूर इथे रिजनल सेंटर आहेत. २००३ नंतर पेन्शनवर निवृत्त झालेल्यांना सदस्यत्व सक्तीचं आहे आणि वर्गणी निवृत्तीच्या हिशेबातूनच कापली जाते. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेले, वीरपत्नी आणि युद्धात अपंगत्व आलेले जवान यांना वर्गणी माफ आहे. जुन्या निवृत्तांपैकी ज्यांनी योजना न घेता महिन्याला १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता चालू ठेवला, त्यांना सदस्य व्हायचं असेल तर भत्ता सोडावा लागतो. साठीनंतर हा भत्ता धरून बसणं तोट्याचंच आहे. वर्षाचे बारा हजार हृदयरोगाच्या एका ॲडमिशनला दोन दिवसही पुरत नाहीत.

कोण बाहेर राहतं, हेही आधीच माहीत असलेलं बरं. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्ती घेतलेले बराच काळ योजनेच्या बाहेर होते. २०१९ मध्ये त्यांना वर्गणी भरून दार उघडलं. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सना २०२५ मध्ये सामावून घेतलं. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. अग्निवीरांना मात्र चार वर्षांची सेवा संपल्यावर ईसीएचएस नाही. सेवेत असेपर्यंत लष्करी हॉस्पिटलचे उपचार मिळतात, नंतर काही नाही. गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना हे अजूनही स्पष्ट सांगितलं जात नाही.

आता कार्ड. सध्या चालतं ते ६४ केबीचं स्मार्ट कार्ड. जुनी १६ आणि ३२ केबीची कार्डं कुणाच्या कपाटात अजून पडून असतील तर त्यांचा उपयोग नाही. अर्ज ऑनलाइन करायचा आणि घरातल्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं निघतं. नवऱ्याच्या कार्डावर बायकोला दाखवता येत नाही. लागणारे कागद ओळखीचेच आहेत : पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक (सेवेच्या नोंदींचं पुस्तक), आधार, पॅन, फोटो, बँकेचा तपशील, आणि आईवडिलांची नावं घालायची असतील तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला.

अर्ज परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे नावातला फरक. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतं. रेकॉर्ड ऑफिसच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या कुटुंबाची लष्करी नोंद) 'सुमन', आधारवर 'सुमनताई', पॅनवर आणखी काही, आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक तर डिस्चार्ज बुकात दुसरी. संगणकाला या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात. दुरुस्ती कोणत्या टोकाकडून करायची, इथे बहुतेकांची गफलत होते. आधार बदलायला सोपं, म्हणून आधीच्या कागदाशी जुळवण्यासाठी आधार बदललं जातं. मग बँक, रेशन कार्ड, गॅस सगळीकडे नवी विसंगती उभी राहते. पीपीओमधलंच नाव चुकलेलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डर आणि मग 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दुरुस्ती, हा मार्ग लांबचा असला तरी त्याने काम कायमचं होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे अर्ज भरून देणारी माणसं असतात. त्यांच्याकडे मूळ डिस्चार्ज बुक घेऊन जावं. झेरॉक्सवर पुसट झालेली एखादी ओळ पुढे महिनाभर छळते.

हे सगळं करायची योग्य वेळ म्हणजे सेवेतलं शेवटचं वर्ष. युनिटचा क्लार्क हाताशी असतो, रेकॉर्ड ऑफिस दाद देतं आणि पीपीओ निघायच्या आधीच चूक सुधारता येते. घरी आल्यावर तेच काम पत्रव्यवहाराने होतं. अर्ज केल्यावर कार्ड हातात येईपर्यंत तात्पुरती स्लिप मिळते आणि तिच्यावर उपचार होतात. ती प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवावी आणि मोबाइलमध्ये तिचा फोटोही असावा.

पॉलिक्लिनिकमध्ये प्राथमिक तपासणी होते, रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या आणि दातांचे उपचार होतात, औषधं मिळतात आणि पुढच्या हॉस्पिटलचं रेफरल निघतं. डॉक्टर, फार्मासिस्ट, क्लार्क हे सगळे कंत्राटी, आणि ऑफिसर-इन-चार्ज (ओआयसी) बहुतेक निवृत्त अधिकारी. त्यामुळे एकाच गुणवत्तेची अपेक्षा ठेवता येत नाही. चांगला ओआयसी असलेल्या ठिकाणी टोकनपासून औषधाच्या खिडकीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. कंत्राट संपून जागा रिकामी राहिली की त्याच इमारतीत दुपारपर्यंत रांग हलत नाही. पेन्शनच्या आठवड्यात आणि सोमवारी गर्दी ठरलेली. औषधांचा महिना संपत आला असेल तर शेवटच्या गोळीची वाट न बघता चार-पाच दिवस आधी, मधल्या वारी जावं.

औषधांबद्दल सरळ सांगायचं तर हा योजनेचा सगळ्यात दुबळा भाग आहे. रक्तदाब, साखर, थायरॉईडच्या नेहमीच्या गोळ्या साधारण महिनाभराच्या मिळतात आणि त्यात फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती हॉस्पिटलच्या तज्ज्ञाने लिहिलेल्या महागड्या किंवा नव्या औषधाला. तज्ज्ञ ब्रँडचं नाव लिहितो, पॉलिक्लिनिकच्या साठ्यात तेच औषध जेनेरिक नावाने आणि दुसऱ्या कंपनीचं असतं. घरी आल्यावर गोळीचा रंग वेगळा दिसला की लोक घ्यायचं थांबवतात किंवा जुनी आणि नवी दोन्ही घेतात. दुसरी गोष्ट धोक्याची आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा दुप्पट डोस सहज जाऊ शकतो. खिडकीवरच फार्मासिस्टकडून प्रत्येक पाकिटावर 'कशाच्या जागी' ते पेनाने लिहून घ्यावं. औषध नसेल तर पर्चीवर एनए, म्हणजे उपलब्ध नाही, अशी नोंद होते. मग ठरवून दिलेल्या केमिस्टकडून ते मागवलं जातं किंवा बाहेरून घेऊन पैसे परत मागता येतात. ही नोंद न घेता परस्पर दुकानातून औषध घेतलं तर बिल मंजूर होत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने घरून रुंद तोंडाचा थर्मास न्यावा. त्यात बर्फ आणि व्हायल यांच्यामध्ये कापडाची घडी असू द्यावी, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, आणि एसटीत खिडकीच्या उन्हात तीन तास तापलेलंही.

रेफरल हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरने तपासून आजार आणि विभाग लिहिला की ते ऑनलाइन निघतं आणि पॅनेलवरचं, म्हणजे योजनेशी करार असलेलं, हॉस्पिटल रुग्णाने निवडायचं. इथे तीन गोष्टी खिडकी सोडायच्या आधी वाचून घ्याव्यात. पहिली, रेफरल नुसत्या सल्ल्यासाठी आहे की तपासण्या आणि उपचारांसाठीही. नुसता सल्ला लिहिला असेल आणि तज्ज्ञाने एमआरआय सांगितला तर पुन्हा परत यावं लागतं. दुसरी, त्यावरची मुदत. केमो किंवा डायलिसिससारख्या सतत चालणाऱ्या उपचारांत मुदत संपायच्या आठवडाभर आधीच नवं रेफरल काढावं, नाहीतर मधली एक फेरी रोखीने होते. तिसरी, हॉस्पिटल त्याच विभागासाठी पॅनेलवर आहे का. पॅनेल विभागवार असतं. हृदयरोगासाठी करार असलेल्या हॉस्पिटलचा हाडांच्या विभागासाठी करार असेलच असं नाही, आणि करार मुदतीचे असल्याने गेल्या वर्षी चाललेलं हॉस्पिटल यंदा यादीत नसू शकतं. ईसीएचएसच्या संकेतस्थळावरची यादी पाहावी आणि तरीही निघण्यापूर्वी हॉस्पिटलच्या ईसीएचएस काउंटरला फोन करावा. ठरावीक वय ओलांडलेल्या ज्येष्ठांना बाह्यरुग्ण सल्ल्यासाठी रेफरल न घेता थेट पॅनेलवरच्या तज्ज्ञाकडे जाता येतं. ही सवलत फार थोड्यांना माहीत आहे.

हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर वॉर्ड वर्गणीप्रमाणे मिळतो : हवालदारापर्यंत जनरल, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरचा वॉर्ड हौसेने घेतला तर फरक स्वतः भरायचा, आणि तो फक्त खोलीच्या भाड्याचा आहे की बाकीच्या खर्चाचाही, हे लेखी विचारावं. पात्रतेतल्या वॉर्डात, सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, यादीतल्या उपचारासाठी पॅनेलवरच्या हॉस्पिटलने अनामत मागायची नाही. तरी मागतात. 'हा स्टेंट यादीत नाही', 'ही लेन्स इम्पोर्टेड आहे', 'हे सामान ईसीएचएस देत नाही' अशी वाक्यं ऐकू आली की वाद न घालता 'लेखी द्या' एवढंच म्हणावं. खरंच यादीबाहेरचा उपचार असेल तर त्याला आधी मंजुरी घ्यावी लागते आणि ती हॉस्पिटलने मागायची असते. नसेल तर लेखी मागताच बहुतेक वेळा मागणी मागे घेतली जाते. पैसे द्यावेच लागले तर पावती ईसीएचएस रुग्णाच्या नावाने घ्यावी. साध्या चिठ्ठीवर पैसे देऊ नयेत.

डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिलावर रुग्णाची किंवा नातेवाइकाची सही घेतात. घाईत कोऱ्या किंवा अर्धवट बिलावर सही करायची नाही. किती दिवस, कोणता वॉर्ड, कोणती शस्त्रक्रिया एवढं पाहून सही करावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घरी गेल्यावरची पहिल्या काही दिवसांची औषधं हॉस्पिटल देतं, पुढची पॉलिक्लिनिकमधून. म्हणून डिस्चार्ज समरीच्या दोन प्रती हव्यात.

हॉस्पिटलं अशी का वागतात, त्याचंही कारण आहे. बिलं ऑनलाइन यूटीआयआयटीएसएल या संस्थेमार्फत तपासली जातात, त्यावर प्रश्न निघतात, मग मंजुरी, मग निधी. निधी तुटला की पैसे महिनोन्महिने अडकतात. मग काही हॉस्पिटलं ईसीएचएसच्या रुग्णाला 'बेड नाही' म्हणू लागतात. दोष धोरणाचा असला तरी त्याचा फटका बसतो तो स्ट्रेचरवरच्या माणसाला. सरकारने वेळेत पैसे दिले तर योजनेवरचा अर्धा राग ओसरेल, याबद्दल शंका नाही.

इमर्जन्सीचे नियम मात्र उदार आहेत आणि घरातल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ हवेत. हार्ट अटॅक, पक्षाघात, अपघात, सर्पदंश, विषबाधा, अशा वेळी रेफरल लागत नाही. जवळच्या हॉस्पिटलात जायचं, बस. ते पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवायचं. इमर्जन्सीची माहिती ऑनलाइन टाकून मंजुरी घेणं हॉस्पिटलचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर 'माहिती टाकली का' एवढं विचारावं. ती टाकलेली नसेल तर डिस्चार्जच्या दिवशी सगळं बिल रोखीने अंगावर येतं.

हॉस्पिटल पॅनेलवरचं नसेल, आणि तालुक्याच्या गावात बहुधा नसतंच, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. कोणीही कळवलं तरी चालतं : मुलगा, जावई, शेजारी. फक्त फोन करून थांबू नये, कारण फोनचा पुरावा राहत नाही. ईमेल करावा. त्यात सदस्याचं नाव, कार्ड क्रमांक, हॉस्पिटलचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, आजार एवढं लिहून ॲडमिशनच्या कागदाचा फोटो जोडावा. पॉलिक्लिनिकचा ईमेल आजच शोधून घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भरून ठेवावा. पहाटे आयसीयूच्या दारात तो शोधण्याची वेळ येऊ नये.

अशा ठिकाणी बिल आधी स्वतः भरायचं आणि मग परत मागायचं. परतावा सीजीएचएसच्या दराने किंवा प्रत्यक्ष खर्चाइतका, यात जे कमी असेल तेवढा मिळतो. लोकांचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथेच होतो. खासगी हॉस्पिटलचं बिल आणि सीजीएचएसचा दर यातली तफावत मोठी असते आणि ती खिशातून जाते. सीजीएचएसचे दर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बऱ्याच वर्षांनी मोठ्या प्रमाणावर सुधारले. तरीही, रुग्ण स्थिर झाला की पॅनेलवरच्या हॉस्पिटलात हलवणं हाच खर्च आवरण्याचा खरा उपाय आहे. हलवण्यापूर्वी डॉक्टरची लेखी संमती मात्र हवी. पैसे वाचवण्यासाठी व्हेंटिलेटरवरचा माणूस शंभर किलोमीटर नेऊ नये.

क्लेमला लागतं ते असं : मूळ बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या पर्च्या, कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक आणि हॉस्पिटलने दिलेलं इमर्जन्सी सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर 'इमर्जन्सी' हा शब्द पुरेसा नसतो. दाखल होतानाची लक्षणं, रक्तदाब, नाडी, ईसीजीतला बदल लिहिलेला हवा. स्टेंट, लेन्स, गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचं स्टिकर आणि खरेदीचं इनव्हॉइस लागतं. ते स्टिकर ऑपरेशन थिएटरमध्ये केसपेपरवर चिकटवलं जातं आणि मूळ केसपेपर हॉस्पिटलकडेच राहतो. एकदा फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली की ते काढताना नाकी नऊ येतात. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच त्याची साक्षांकित प्रत मागावी. मोतीबिंदूसारखी ठरवून केलेली शस्त्रक्रिया इमर्जन्सी म्हणून दाखवली तर क्लेम नाकारला जातो, आणि ते योग्यच आहे.

आश्रितांचे नियम थोडक्यात. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, मुलगी लग्न किंवा नोकरी होईपर्यंत. अपंग अपत्याला वयाची अट नाही, पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. मुलाला नोकरी लागली, मुलीचं लग्न झालं, तर ताबडतोब कळवून कार्ड बंद करावं. तसं न करता उपचार घेतले तर वसुली होतेच, शिवाय सदस्याचं स्वतःचं कार्डही अडचणीत येतं.

घरबसल्या सल्ल्यासाठी २०२१ च्या मे महिन्यात सुरू झालेली 'सेहत' ही व्हिडिओ ओपीडी आहे. जुन्या आजाराचे रिपोर्ट दाखवून डोस विचारायला ती चांगली. छातीत दुखत असताना तिचा काही उपयोग नाही. कृत्रिम अवयव लागत असेल तर पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरची चौकशी आधी करावी. १९४४ पासून तिथे हेच काम चालतं.

तक्रार करायची तर आधी ओआयसीला लेखी, पोच घेऊन. उत्तर नाही आलं तर स्टेशन हेडक्वार्टर, मग रिजनल सेंटरचे डायरेक्टर. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर टाकलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिचा पाठपुरावा करता येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या तक्रारीने कुणाचंही बिल निघालेलं नाही.

सदस्य गेल्यावर बायकोचं सदस्यत्व संपत नाही आणि तिला नव्याने वर्गणीही भरावी लागत नाही. पण आश्रित म्हणून असलेली तिची नोंद मुख्य सदस्य म्हणून बदलावी लागते आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ लागतो. पेन्शनचं काम बँकेत आणि 'स्पर्श'वर लगेच होतं, कारण पैसे थांबलेले दिसतात. कार्डाचं काम मात्र मागे पडतं आणि सहा-आठ महिन्यांनी तिला स्वतःला दवाखान्याची गरज पडली की लक्षात येतं. कुटुंब पेन्शनचा पीपीओ हातात आला की त्याच आठवड्यात मुलाने किंवा पुतण्याने हा अर्ज भरून टाकावा. अर्जात मोबाइल क्रमांक तिच्याजवळ राहणाऱ्या माणसाचा द्यावा, कारण ओटीपी त्यावर येतो आणि परगावच्या लेकाच्या फोनवर आलेला ओटीपी काउंटरवर उभ्या असलेल्या माउलीच्या कामाचा नसतो.